आत्या आणि परग्रहावरचा आगाऊ पाहुणा

माझी आत्या ऐन तिशीत विधवा होऊन माहेरी आली आणि पुढची तीस वर्षं आमच्या पुंडलिकनगरच्या घरात पावलांचा आवाज न करता राहिली. निवडणं-टिपणं, शिवणकाम, आल्यागेल्याचा चहा तिच्याकडं. त्यातली शेवटची काही वर्षं दुष्काळाची होती. हर्सूलच्या तलावाचा तळ उघडा पडला होता. टँकर आला की हंडे घेऊन रांगेत पहिली आत्या, आणि आंघोळीला सगळ्यांत शेवटी, अर्ध्या बादलीत. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. मलासुद्धा नाही.

मी कॉलेजात होते. दुपारी लॅपटॉपवर एक इंग्रजी कार्टून मालिका बघायचे. मोठ्यांसाठीची, घरच्यांसमोर लावता येणार नाही अशी. तिच्यात परग्रहावरचा एक प्राणी होता. वांग्याच्या रंगाचा, चार कोपरांचा आणि कमालीचा निर्लज्ज. एका कुटुंबाच्या गॅरेजात तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून होता. वर्षातून तीनदा स्वतःचा वाढदिवस करायचा आणि भेट आवडली नाही तर परत करायचा.

एकदा आत्या निवडायला गव्हाचं सूप घेऊन शेजारी येऊन बसली.

"हा कोण गं?"

"दुसऱ्या ग्रहावरचा. यांच्याकडं राहतो."

"यांचा कोण लागतो?"

"कुणीच नाही."

पडद्यावर तो जेवणाच्या टेबलावर चढून ओरडत होता. "काय म्हणतोय?" आत्यानं विचारलं.

"म्हणतोय, मला न विचारता स्वयंपाक ठरवलाच कसा."

"एवढा वेळ बोलला आणि तू इतकंच सांगतेस? गाळू नकोस. साठीची बाई आहे मी."

मग मी शिव्यांसकट सांगितलं. मला घाम फुटला. आत्या हसली नाही, रागावलीही नाही. गहू तसेच ठेवून एकटक बघत राहिली.

"आणि तरी याला कुणी हाकलत नाही?"

"वैतागतात. पण ताट वाढतात."

"काय छाती आहे बाई याची!" ती हळूच म्हणाली.

त्यानंतर ती रोज दुपारी यायची. त्या आचरट प्राण्याकडं ती ज्या नजरेनं बघायची, तशी नजर मी तिच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती.

हर्सूलच्या पुढं आत्याच्या यजमानांनी घेतलेला एक प्लॉट होता. तेव्हा तिथं नुसता माळ होता. आता शहर वाढत वाढत तिथवर पोचलं होतं. एका रविवारी जेवताना बाबा म्हणाले, "एका बिल्डरला तुझा प्लॉट हवाय. मी हो म्हणून टाकलंय. तू फक्त सही कर."

आत्या पोळ्या वाढत होती. तिनं डबा खाली ठेवला, खुर्ची ओढली आणि आमच्या पंगतीत बसली.

"मला न विचारता ठरवलंस कसं?"

आवाज चढला नव्हता, पण माझ्या अंगावर काटा आला. बाबांना वाटलं, थट्टा करतेय.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच ना!"

"अर्धा विकीन. उरलेल्या जागेवर घर बांधणार."

"एकटी राहणार? तिथं पाणी कुठंय?"

"इथं तरी कुठंय?"

आईनं आत्यापुढं ताट मांडलं आणि वाढायला घेतलं.

घर व्हायला दीड वर्ष लागलं. पाण्यावाचून काम महिना महिना अडायचं. गवंड्यानं पहिल्या दिवशी विचारलं, "मालक कुठंयत?" आत्या म्हणाली, "मीच." मग उन्हात छत्री धरून ती रोज विटांच्या ढिगाशी उभी राहायची. मी कधी कधी जायचे. आयुष्यभर भिंतीला चिकटून चालणारी ही बाई "ही खिडकी मोठी कर, मला वारा पाहिजे" म्हणून दटावताना बघितली, की मी तिच्या हातातली छत्री घेऊन तिच्यावर धरायचे.

दोन खोल्या झाल्या. सामान लावून आम्ही निघालो, तेव्हा बाबा दारात रेंगाळले.

"रोज जेवायला घरी येत जा," ते म्हणाले.

"येईन, आधी कळवून," आत्या म्हणाली. "आणि तूही इकडं येताना कळवत जा बरं."

तिनं दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, आणि आम्ही बापलेक बराच वेळ त्या नव्या पायरीपाशी उभे राहिलो.