मामाचे बारा किलो

माझा मामा वजनकाटे दुरुस्त करतो. दुकान असो, गोदाम असो, काटा अडला की त्याला बोलावणं येतं. पाव ग्रॅमची चूकही त्याला खपत नाही. स्वतःच्या वजनाबाबत मात्र तो फार उदार होता.

आईचं लिव्हर जुन्या काविळीने निकामी होत आलं आणि घरच्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचं ठरलं, तेव्हा माझा रक्तगट जुळला नाही, मामाचा जुळला. "तुकडा कशाला, सगळंच घ्या!" असं तो डॉक्टरांना म्हणाला आणि बाहेर आल्यावर, भूल उतरली नाही तर काय करतात, हे त्याने मला तीनदा विचारलं. इंजेक्शन नुसतं दिसलं तरी तो दाराकडे सरकतो.

तपासणीत निघालं भलतंच. मामाच्याच लिव्हरवर चरबी साचली होती.

"मी दारूच्या थेंबाला शिवत नाही!" मामा उसळला.

"साखरेला शिवता ना? बसून राहता ना? तेवढं पुरतं," डॉक्टर म्हणाले. "तीन महिन्यांत बारा किलो उतरवा. त्याहून जास्त बहिणीला थांबता येणार नाही."

मामीने बिस्किटांचे डबे माझ्या घरी आणून टाकले. रोज सकाळी मामा काट्यावर आणि मामी समोर कंबरेवर हात ठेवून उभी. दहा दिवसांत चार किलो उतरले. मामी हरखली, पण मामाचा पट्टा अजून त्याच भोकात होता. मी गुपचूप पिठाची पाच किलोची पिशवी काट्यावर ठेवली. काट्याने दाखवला एक किलो.

मामीने आरडाओरडा केला नाही. "चला, ताईंना तुमच्या तोंडाने सांगा," एवढंच म्हणाली.

आई दम लागेपर्यंत हसली. मग म्हणाली, "राहू दे रे. नसेल होत तर नको. मी काही रागावणार नाही."

मामाचा चेहरा पडला. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याने हसून झटकल्या असत्या. हे त्याला फार लागलं.

दुसऱ्या दिवसापासून तो वजनांची पेटी घेऊन पायी कामाला जाऊ लागला आणि भयंकर माणूस झाला. गिऱ्हाईकाने चहा पुढे केला की त्याला लिव्हरवर व्याख्यान. दोघांनी तर काटा दुसरीकडे नेला. पण तीन महिन्यांत साडेबारा किलो गेले आणि लिव्हरही स्वच्छ निघालं.

शेवटी हॉस्पिटलच्या एका समुपदेशक बाईंनी त्याला एकट्याला आत बोलावलं. दार नीट लागत नव्हतं आणि मी कान द्यायला लाजणाऱ्यांतली नाही.

"तुमच्या मनात नसेल तर स्पष्ट सांगा," बाई म्हणाल्या. "घरी आम्ही एवढंच कळवू, की तुम्ही दाता म्हणून बसत नाही. खरं कारण कोणालाही कळणार नाही."

इतकी आयती थाप मामाला जन्मात कुणी देऊ केली नव्हती. त्याची खुर्ची करकरली. मी दाराला आणखी चिकटले.

"भीती वाटते?" बाईंनी विचारलं.

"वाटते ना. झोप उडालीय माझी." मग कागद ओढल्याचा आवाज आला. "आणा, कुठे सही करू? आणि थाप मारणारच असाल तर दुसरी मारा. गडी निर्धास्त आहे म्हणावं. ताईला कळलं ना, तर ती नको म्हणेल."

आई चाकांच्या खुर्चीत बसून वाट बघत होती. "काय म्हणाला गं? घाबरलाय का?"

"मामा? छे!" मी म्हटलं आणि तिला माझा चेहरा दिसू नये म्हणून खुर्ची ढकलायला मागे गेले.