बशीरभाऊचा गाल

फाल्गुनातली सकाळ. रात्रीचा गारवा पोंभुर्ण्याच्या बाजारात अजून रेंगाळत होता आणि रानाकडून मोहाचा गोडसर वास येत होता. बशीरभाऊनं ताडपत्री अंथरली, काटा टांगला, नाकडोळे तेवढे उघडे ठेवून गळ्यातला गमछा तोंडाभोवती गुंडाळला. चिंचेचा हंगाम. खेड्यांतून टोपल्या येऊ लागल्या होत्या.

चिंच घ्यायचं त्याचं सारं कसब तोंडात होतं. चिंचेचं कितीही आंबट बोटूक चघळलं तरी चेहरा दगडाचा. वर थंडपणे म्हणायचा, "फिक्की आहे, बाई." की उतरला भाव.

मग गेल्या वर्षी कानाखाली गाठ आली. नागपूरला ती काढली, साधी निघाली, बायकोनं, खुर्शीदानं, मोहल्ल्यात गोड शिरनी वाटली. पण काही महिन्यांनी भलतंच सुरू झालं. जिभेवर आंबट पडलं की उजवा गाल लाल होऊन घामानं निथळायचा. डावा कोरडा ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, कापलेल्या नसा पुन्हा वाढताना वाट चुकल्या; लाळ सुटायची तिथं घाम सुटतो. धोका नाही. नकोच असेल तर इंजेक्शन आहे, काही महिने थांबतो.

"म्हणजे लाइनमननं भलत्याच खांबावर तार टाकली," त्यानं घरी येऊन सांगितलं.

"मग घ्या न ते सुई," खुर्शीदा म्हणाली. "नव्या नवरीवानी तोंड झाकून धंदा होते का?"

त्यालाही तीच धास्ती होती. गाल असाच बोलत राहिला तर भाव पाडायचा कसा?

आज बाजारात पहिली आली ती बुधरी. दरवर्षी रानातल्या गावाहून चिंच आणणारी. तिनं टोपली उतरवली. बशीरभाऊनं गमछ्याखालून चिंच तोंडात सरकवली.

"फिक्की आहे, बाई."

बुधरी त्याच्याकडे बघत राहिली. "गमछा काढा न, भाऊ."

"काऊन?"

"पाणी नाई, पाऊस नाई, अन् एकाच बाजूनं भिजून राह्यला."

टोपल्यांमागच्या बाया खुदखुदल्या. त्यानं गमछा सोडला. कानापासून हनुवटीपर्यंत धार लागली होती.

"आता बोला. फिक्की आहे?"

बशीरभाऊलाच हसू फुटलं. "आंबट आहे, बाई. लय आंबट." आणि चांगल्या मालाचा भाव दिला.

बाजारात गोष्ट पसरायला कितीसा वेळ? "त्याचं तोंड खोटं बोलते, गाल नाई बोलत," म्हणत दुसऱ्यांकडे निघालेल्या टोपल्या त्याच्याकडे वळल्या. एका टोपलीतली खरंच फिक्की निघाली. गाल कोरडाच राहिला, तेव्हा विकणारीनंही मुकाट मान हलवली. शेजारचा व्यापारी मुखरू रिकाम्या ताडपत्रीवरून म्हणाला, "बशीर, त्या डाक्टरचा पत्ता दे न. माहाबी गाल कापून आणतो."

दुपारी खुर्शीदा डबा घेऊन आली. अंबाडीची आंबट भाजी. पहिल्याच घासाला गाल पाझरला.

"उद्या सुईसाठी नागपूरले जाता न?"

त्यानं मागं रचलेल्या पोत्यांकडे पाहिलं. "चिच सरू दे. मग पाहू."

डब्याचं झाकण लावताना खुर्शीदा हसली. एका पोत्याचं तोंड शिवायचं राहिलं होतं. बशीरभाऊनं गमछ्यानं गाल पुसला आणि दाभणात सुतळी ओवली.