गुडघे टेकणारी वरमाय

"ए कू इशे!"

सकाळी भाजीवाला गल्लीत शिरला की समोरच्या ओट्यावरून ही आरोळी यायची. भाजीवाला आधी दचकायचा, मग हसायचा. काम करणाऱ्या माणसाला असं म्हणायचं असतं, हे अक्का त्याला रोज नव्याने समजावून सांगायच्या. बसलेल्याला वेगळं म्हणायचं, बाहेरून घरी आलेल्याला वेगळं, घरात असलेल्यांना आणखी वेगळं. "बाई, त्या लोके कोन्हाजवळून मुकाट जातच नहीत," त्या मला म्हणायच्या. "आपलाच लोके मूग गिळीसन चालतस."

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, नाही असं नाही. पण आमच्या अक्का वयाची साठी उलटल्यावर, जळगावात बसून, योरुबा शिकत होत्या. माहेर धुळ्याकडचं, शाळा चौथीपर्यंत, नवरा, म्हणजे आमचे नाना, एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर. योरुबा ही नायजेरियातली भाषा. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण हे नावसुद्धा मी अक्कांकडूनच ऐकलं.

झालं असं की, त्यांचा मुलगा संजू ठिबक सिंचनाच्या कामासाठी तिकडे गेला आणि तिथेच ऑफिसातल्या फोलाकेच्या प्रेमात पडला. तिलाही तो आवडला. पण तिची एकच अट होती. वडिलांच्या आशीर्वादाशिवाय ती बोहल्यावर चढणार नव्हती. संजूने आईला फोनवर स्पष्ट सांगितलं, "आई, तिकडून नकार आला तर मी दुसरीकडे करणार नाही. आणि घरी पण येणार नाही. कोणत्या तोंडाने येऊ?" आता हा संजू म्हणजे बापाचाच मुलगा. एकदा बोलला की बोलला. अक्कांचं जेवण त्या दिवसापासून कमी झालं.

दोन्ही घरांचा पहिला व्हिडिओ कॉल मी डोळ्यांनी पाहिला. इंग्रजी-मराठी करायला मलाच बोलावलं होतं, फुकटची दुभाषी. फोन टीव्हीला जोडला होता आणि नाना इस्त्रीचा सदरा घालून समोर खुर्ची टाकून बसले होते. वरपिता ना! मुलीचा बाप आधी नमस्कार करेल, मग आपण मान हलवायची, ही आपली रीत. पलीकडे फोलाकेचे वडील लांबलचक निळ्या झग्यात, डोक्यावर टोपी, तेही खुर्चीत ताठ. तेही वाटच पाहत होते. हे त्यांच्याकडे बघतायत, ते यांच्याकडे बघतायत. कोणी हूं नाही की चूं नाही. मी "गुड आफ्टरनून" म्हणाले, त्याला कोणी किंमत दिली नाही. शेवटी ते गृहस्थ उठले आणि आतल्या खोलीत निघून गेले. नाना म्हणाले, "बघा! संस्कार बघा!"

संध्याकाळी फोलाकेने मला सगळं लिहून कळवलं. त्यांच्यात मुलाकडची मंडळी मुलगी मागायला येतात. पुरुष मुलीच्या आईबापांपुढे पोटावर पालथे पडतात, बायका गुडघे टेकतात. 'उठा' म्हटल्याशिवाय कोणी उठत नाही. त्यानंतर बोलणी. तिच्या वडिलांना वाटलं, या खुर्चीतल्या माणसाला मुलगी मागायचीच नाही, नुसती बघायची आहे.

मी हे वाचून दाखवलं आणि नानांचा पारा चढला. "मुलाचा बाप मी! आपल्याकडे मुलीचा बाप नवरदेवाचे पाय धुतो, आणि मी पालथा पडू? गावात लोक तोंडात शेण घालतील. माझ्यापुरता विषय संपला." चपला अडकवून ते बाहेर पडले. अक्कांची डाळ उकळून गॅसवर सांडली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अक्का माझ्या दारात. "बाई, त्या पोरले सांगा, माले त्यासनी भाषा शिकाडी दे. मी मांगसू तिले." मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला मराठी बोलताना अहिराणी येते, ही कुठली भाषा शिकता!" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने फोन लावला.

फोलाके मास्तरीण म्हणून माझ्यापेक्षा हुशार निघाली, हे कबूल करायला हवं. तिने पाढे-बाराखडी केलीच नाही. म्हणाली, आधी रांधा. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून तळलेले वडे करायला लावले. त्यांना आकारा म्हणतात. तेलातून पहिला घाणा निघाला आणि अक्का ओरडल्या, "अरे देवा, ह्या तं आपलाच वडा शेतस!" मग भेंडीचा बुळबुळीत रस्सा झाला. तो मात्र मला गिळवला नाही. त्या मिटक्या मारत खात होत्या आणि मिरची, मीठ, पाणी, पान यांची तिकडची नावं घोकत होत्या. रांधता रांधता फोलाके गोष्टी सांगायची, मी मराठी करायची. त्यांच्या इले-इफे गावात म्हणे पहिला पुरुष आभाळातून साखळी धरून उतरला. खाली सगळं पाणीच पाणी. त्याने मूठभर माती टाकली, त्यावर कोंबडी सोडली, तिने उकरून उकरून माती पसरवली आणि जमीन झाली. अक्का विचारात पडल्या. "मंग आपण कोंबडीले वावरमाईन हाकलतस कसाले?" फोलाके तिकडे हसून हसून बेजार.

मुलगी मागताना तिकडे म्हणतात, तुमच्या बागेत एक फूल दिसलं, ते न्यायला आलो. फोलाकेने हे वाक्य अक्कांकडून पाठ करून घेतलं. अक्कांनी अर्थ विचारला आणि मान हलवली. "फूल नको. तोडेल फूल सुकी जास. तिले इचारा, 'रोप' कसं म्हणतस." फोलाके म्हणाली, रीत फुलाची आहे. अक्का म्हणाल्या, रीत तुमची, पण वावर आमनं. मग तिने हळूहळू नवं वाक्य सांगितलं. तुमच्या बागेतलं रोप मागायला आलो, आमच्या वावरात लावू, असं ते होतं.

दुसरा कॉल शनिवारी दुपारी ठरला. नानांनी सांगून टाकलं होतं, "मी येणार नाही." ते आतल्या खोलीत पेपर घेऊन बसले, दार मात्र उघडं. आवाजासाठी कूलर बंद केला होता, उन्हाळा जळगावचा, आम्ही घामाने निथळत होतो. वीज जाईल की काय, या धास्तीने माझा जीव वर-खाली होत होता. संजूने तिकडून सकाळीच फोनवर हात जोडले होते.

टीव्हीवर माणसं दिसताच अक्का सतरंजीवर गुडघे टेकून बसल्या. आता, अक्कांचे गुडघे म्हणजे काय सांगू! देवळाच्या पायऱ्या त्या कठड्याला धरून चढत. त्यांनी नमस्कार घातला आणि ते रोपाचं वाक्य म्हटलं. एकदाही अडखळल्या नाहीत. तिकडच्या बायकांनी तोंडावर हात घेतले. फोलाकेचे वडील मात्र हलले नाहीत. त्यांनी इंग्रजीत मला विचारलं, "मुलाला वडील आहेत ना?"

आतल्या खोलीत पेपर वाजला. "आहेत," मी म्हटलं. "घरातच आहेत."

"मग आम्ही थांबतो," ते म्हणाले.

आणि थांबले. 'उठा' काही म्हणेनात. अक्कांच्या मांड्या थरथरायला लागल्या, कपाळावरचं कुंकू घामाने ओघळलं. मला असा संताप आला! म्हटलं, खड्ड्यात गेली रीत तुमची आणि आमची. मी त्यांच्या काखेत हात घातला. "नही बाई," त्या दात आवळून म्हणाल्या. "आते उठनू तं पोरगा गया मना."

नाना दारात येऊन उभे राहिले. "उठ," ते म्हणाले. "गुडघे जातील तुझे."

"तुम्ही नका सांगू," अक्का वळल्यासुद्धा नाहीत. "त्या लोके सांगतीन तवय उठसू."

नानांनी टीव्हीकडे पाहिलं, मग बायकोच्या पाठीकडे. लुगडं पाठीला चिकटलं होतं. त्यांच्या तोंडातून एक शिवी निघाली, कोणाला ते देव जाणे. त्यांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली, अक्कांच्या शेजारी एक हात टेकला, दुसरा टेकला, आणि कंट्रोलर साहेब सतरंजीवर पालथे झाले. नाक जमिनीला, डोळे घट्ट मिटलेले.

पलीकडे एकच गलका झाला. फोलाकेचे वडील खुर्चीतून उठून धावत पुढे आले. पालथ्या पडलेल्याच्या पाठीवर हात ठेवायचा असतो. आता इतक्या लांबून कसा ठेवणार? त्यांनी हात लांब केला आणि पंजा थेट आपल्या फोनच्या कॅमेऱ्यावरच ठेवला. आमच्या टीव्हीवर अंधार झाला.

"लाईन गेली का?" नानांनी जमिनीवरूनच विचारलं. "नाही म्हणाले का ते?"

अंधारातून त्या गृहस्थांचा आवाज येत होता. तेच तेच दोन शब्द, घाईने, पुन्हा पुन्हा. माझं इंग्रजी तिथे काय कामाचं? मी अक्कांकडे पाहिलं. त्या रडत होत्या आणि हसत होत्या.

"उठा म्हनी राहिनात," अक्का म्हणाल्या.

"नीट ऐकलंस?"

"हाव, नीट आयकं मी. उठा आते."

नाना उठले. अक्कांना उठताच येईना, गुडघे आखडले होते. नानांनी दोन्ही हातांनी त्यांना उचलून उभं केलं आणि तसंच धरून ठेवलं, सगळ्यांदेखत. टीव्ही अजून अंधारातच होता, कारण त्या गृहस्थांनी हात काढलाच नव्हता.