आगरदांडा ते दिघी : रिकामी बाटली

फेब्रुवारीतला दुसरा रविवार, यंदाचाच. हजर : मी, माझ्या सासूबाई माई आणि सासऱ्यांची जुनी पांढरी गाडी. मेकॅनिक अल्ताफभाई फोनवर.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. नागावात आमचा होमस्टे आहे. पाहुण्यांना पैंजण ऐकू आले की मी पंख्याला तेल घालते, पैंजण थांबतात. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

माईंना काचबिंदू आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आहे ती नजरही फार काळ टिकणार नाही. त्यावर माईंचं एकच – दिसतंय तोवर श्रीवर्धनची माहेरची सुपारीची वाडी बघायची, आणि जायचं ते नानांच्या गाडीतून. नाना म्हणजे माझे सासरे, चार पावसाळ्यांपूर्वी गेले. मी म्हटलं, टॅक्सी करू.

"टॅक्सीनं मी दवाखान्यात जाते. माहेरी नाही."

आता गाडीची अवस्था. इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं होतं. रेवदंड्याच्या अल्ताफभाईंनी हेड उतरवून नवं गॅस्केट, वॉटर पंप, होज पाईप, सगळं बदललं. तरी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं हिरवं पाणी, कमी होत होतं. मी गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं – कोरडं. डिपस्टिकवर तेल स्वच्छ. सायलेन्सरला पांढरा धूर नाही, पायाखालचं कार्पेट ओलं नाही. गॅरेजात प्रेशर देऊन ठेवलं तर मीटरचा काटा हलला नाही. मग जातं कुठे?

"हवा अडकली असंल आत," अल्ताफभाई म्हणाले. "ती निघंल तशी लेव्हल खाली येईल. तुम्ही भरत राहा. पण टेंपरेचरचा काटा लालवर गेला तर गाडी जागच्या जागी बंद. हेड पुन्हा वाकलं तर मी हात लावणार न्हाय, वहिनी. सरळ भंगार. त्यापरीस बैलगाडी घ्या."

"बैलालाही पाणी लागतंच की," माई मागून म्हणाल्या.

रविवारी सकाळी थंड इंजिनावर बॉनेटखालची कूलंटची बाटली वरच्या रेघेपर्यंत भरली. कूलंटचा कॅन डिकीत टाकला आणि निघालो. रेवदंडा, मुरूड... आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या फेरीबोटीसाठी गाड्यांच्या रांगेत थांबलो तेव्हा काटा नेहमीपेक्षा वर होता. इंजिन बंद केलं. चांगला वेळ जाऊ दिला आणि बॉनेट उघडलं. बाटली रिकामी. तळाशी ओल तेवढी.

डिकीतला कॅन काढला, झाकण फिरवलं, आणि कोकमाचा वास आला. आगळ! आमच्याकडे आगळही तसल्याच पांढऱ्या कॅनमध्ये भरतो. म्हणजे कूलंट घरी, ओट्याखाली. आधी घरी फोन करून सांगितलं, सोलकढीला कुठल्याही कॅनला हात लावू नका. मग अल्ताफभाईंना.

"आगळ घालू नका हां," ते म्हणाले. "इंजिनाला पित्त न्हाय झालेलं. बाटलीचं साधं पाणी घाला."

पाणी आणायला वळले तोच बोटीवरच्या माणसानं हात केला. "ताई, घ्या पुढं! मागं लाईन लागलीय." पाणी दिघीला घेऊ असं ठरवलं, बॉनेट दाबून बंद केलं, गाडी हळूच बोटीवर चढवली आणि चावी काढून घेतली. आम्ही दोघी गाडीतच बसून राहिलो.

खाडीवर दाट धुकं होतं. बोट सुटली तशी जेट्टी पुसली गेली, आणि समोरची दिघी अजून उगवलीच नव्हती. पुढच्या जीपचा फक्त लाल दिवा दिसत होता, तोही नंतर दिसेना. बोटीच्या इंजिनाची धडधड लांब लांब जात गेली, आणि एका क्षणी लक्षात आलं, ती ऐकूच येत नाहीये. आपण हलतोय की नाही तेही कळेना. मला झोप आली नव्हती, पण जागीही होते असं छातीठोक सांगता येणार नाही.

माईंनी काच खाली केली.

"शिपणं चाललंय कुठंतरी," त्या म्हणाल्या.

वाडीत झाडांना पाणी देणं म्हणजे शिपणं. मी म्हणणार होते, माई, आपण खाडीच्या मधोमध आहोत. पण आवाज मलाही आला. पाटातून सुपारीच्या आळ्यात पाणी उतरतं ना, घाई नसलेला, मातीत मुरत जाणारा... तसा. आणि तो बॉनेटखालून येत होता. सुपारीच्या फुलोऱ्याचा गोडसर वास आला. माईंनी डोळे मिटून घेतले होते. आळं भरलं की पाणी दुसरीकडे वळवतात, तसा आवाज आपोआप थांबला. मग धडधड परत आली आणि समोर दिघी.

उतरल्याबरोबर गाडी बाजूला घेतली, टपरीवरून पाण्याच्या बाटल्या घेतल्या आणि बॉनेट उघडलं. कूलंटची बाटली वरच्या रेघेपर्यंत भरलेली, हिरवीगार. हात लावला तर माठासारखी गार.

तापल्यावर लेव्हल वर येते, मला माहीत आहे. पण तापलेली होती तेव्हा तर रिकामी होती. बॉनेटचा खटका आत, माझ्या गुडघ्यापाशी. कुणी उघडलेलं नाही.

श्रीवर्धनला माईंनी वाडी पाहिली. झाडांना हात लावत लावत शेवटपर्यंत गेल्या, मान वर करून शेंडे बघितले. त्यांची भावजय म्हणाली, "माई, चहा निवला."

"निवू दे. तुझा चहा मला आंधळीलाही पिता येईल."

येताना कूलंट थेंबभरही कमी झालं नाही. त्यानंतरही नाही.

अल्ताफभाईंना ते पटत नाही. "हवा निघाली तर पाणी खाली जाईल. वर कसं येईल? गाडी आणा. सगळं काढून बघू आत काय आहे ते, आणि नवीन भरू." बरोबरच आहे. दिवस ठरवला, निघाले, तर माई आधीच पुढच्या सीटवर पट्टा लावून बसलेल्या. आता त्यांना फाटकही दिसत नाही.

"रेवदंड्याला ना?" त्या म्हणाल्या. "मग तिथून आगरदांडा काही लांब नाही."

गॅरेज आलं. अल्ताफभाई दारातच उभे होते. मी त्यांना हात केला आणि गाडी तशीच पुढे घेतली.

कूलंट काढून बघायचं काम अजून बाकी आहे.