नाव एकीकडे, रक्त एकीकडे

त्या वर्षी दिवाळी होऊन गेली आणि ऊसतोडीच्या टोळ्या गावातून हलायच्या आत बायकांची रक्ततपासणी उरकून घ्या, असा निरोप वरून आला. मी शेवगावला तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात कॉम्प्युटरवर काम करते. कंत्राटी. माझी नेमणूक दर वर्षी संपते आणि काही दिवसांनी पुन्हा निघते. मधल्या दिवसांतही मी कामावर जातेच, कारण फाइली कुणासाठी थांबत नाहीत. कुणी विचारलं तर मी ‘डाटा एंट्री’ म्हणून मोकळी होते. पण माझं निम्मं काम वेगळंच असतं. एकीकडून आलेला तक्ता दुसरीकडून आलेल्या तक्त्याला जोडून द्यायचा. लसीकरणाची माहिती एका ठिकाणी, जन्मनोंदी दुसऱ्या ठिकाणी. दोन्हींत आईचा नोंदणी क्रमांक असला की जोडायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. दोन्हींत एक तरी रकाना सारखा हवा, एवढीच अट.

शिबिर तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका कोरडवाहू गावात होतं. शाळेच्या ओट्यावर मी टॅबलेट घेऊन बसले आणि नाव, वय, नवऱ्याचं नाव, मोबाईल नंबर भरत गेले. माझ्या शेजारी आमच्या सिस्टर. नोकरीची शेवटची वर्षं राहिलेली, गुडघे दुखणारी बाई, पण या पट्ट्यातल्या प्रत्येक वस्तीवर त्यांचं येणंजाणं. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला खासगी लॅबचा माणूस रक्त घेत होता. प्रत्येक नळीवर लावायचे बारकोडचे स्टिकर आलेच नव्हते. टॅबलेटमध्ये नमुना क्रमांकाचा रकाना होता, पण तो फक्त स्कॅन घेत होता, हाताने लिहू देत नव्हता. मी फोन करून विचारलं. रिकामा सोडा, मागून बघू, असं सांगण्यात आलं. सिस्टर म्हणाल्या, कागदावर तरी लिहून ठेवू. पण कागदी नोंदी बंद करण्याचा आदेश नुकताच निघाला होता, आणि ओट्याखाली बायकांची रांग वाढत चालली होती. त्यांना घरी जाऊन बोचकी बांधायची होती. लॅबच्या माणसाने मार्करने नळ्यांवर आपले आकडे टाकले आणि तो संध्याकाळी निघून गेला.

चार-पाच दिवसांनी त्याची फाइल आली. नमुना क्रमांक, हिमोग्लोबिन, साखर, यंत्राची वेळ. नाव नाही. माझ्या तक्त्यात नावं, वयं, मोबाईल. क्रमांक नाही. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघडून मी बराच वेळ नुसती बघत बसले. एकाही रकान्याचा दुसऱ्याशी संबंध नव्हता.

जिल्ह्याच्या साहेबांचा फोन सकाळीच आला. त्यांना एकत्रित माहिती दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत हवी होती. दोन तक्ते जोडायला एवढा काय वेळ लागतो, असं त्यांनी शांतपणेच विचारलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्यावरही कुणीतरी होतंच. मी सांगितलं की जोडायला काही सामाईकच नाही. ते म्हणाले, तुम्ही कॉम्प्युटर शिकलेल्या आहात, करून तर बघा.

करून बघितलं. काहीच अट न घालता दोन तक्ते जोडले की कॉम्प्युटर तक्रार करत नाही. तो पहिल्या तक्त्यातली प्रत्येक ओळ दुसऱ्या तक्त्यातल्या प्रत्येक ओळीशेजारी ठेवतो. शे-दीडशे बायका आणि त्याहून थोडे कमी निकाल, त्यांच्या हजारो ओळी झाल्या. एकच बाई खाली खाली सरकत राहिली, प्रत्येक ओळीत नवं हिमोग्लोबिन घेऊन. एका ओळीत ती ठणठणीत, दुसरीत तिला मधुमेह, तिसरीत तिच्या अंगात रक्तच नाही. आणि तिच्या शेजारणीचंही तेच. सगळंच खोटं होतं असंही नव्हतं. खऱ्या जोड्या त्यातच कुठंतरी होत्या, फक्त त्या ओळखायच्या कशा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ती फाइल जतन न करताच बंद केली.

सिस्टर पाण्याची बाटली भरायला आल्या होत्या. मी त्यांना नुसत्या निकालांची फाइल दाखवली. त्यांनी चष्मा लावला आणि हिमोग्लोबिनच्या रकान्यावरून बोट फिरवलं. बाराच्या वर हवेत ते बहुतेक आकडे आठ-नऊच्या आसपास. आमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटेनासं झालंय. पण मध्येच तीन-चार ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. तिथं आकडा पाचाच्या आत होता. त्या खुर्ची ओढून बसल्या.

“ही बाई त्या ओट्यावर चालत आली होती,” त्या म्हणाल्या. “आणि आता ऊस तोडायला निघालीय.”

साहेबांना हे कळवल्यावर त्यांचा आवाज बदलला. आता त्यांनाही त्या बायका सापडायला हव्या होत्या. त्यांनीच सुचवलं की वेळेच्या क्रमाने लावून बघा. पहिली नोंद पहिल्या नमुन्याला, दुसरी दुसऱ्याला. रांग तर एकच होती. मलाही क्षणभर पटलं. मग माझ्या तक्त्यातल्या वेळा बघितल्या. सगळ्या बायकांची नोंद एकाच वेळेची होती. गावात रेंज नसल्यामुळे टॅबलेटने नोंदी साठवून ठेवल्या होत्या आणि परतताना हमरस्त्यावर रेंज आल्यावर सगळ्या एकदम वर पाठवल्या होत्या. तीच वेळ प्रत्येकीपुढे लागली होती. शिवाय नावं निकालांपेक्षा जास्त होती. नाव लिहून झाल्यावर सुईला घाबरून कितीतरी जणी मागच्या मागे निघून गेल्या होत्या. कुठल्या, ते कुणी बघितलं नव्हतं.

मी साहेबांना तसं मेलवर कळवलं. हे तक्ते जुळत नाहीत आणि अंदाजाने जुळवले तर चुकीच्या बाईला आजारी ठरवलं जाईल आणि आजारी बाई निरोगी म्हणून ऊसतोडीला जाईल, असं स्पष्ट लिहिलं. मग त्यांचा फोन आला. मग काय करणार, असं त्यांनी विचारलं, आणि त्या विचारण्यात दटावणी नव्हती. मी सिस्टरांकडे बघितलं. त्या पर्समध्ये बोटातल्या थेंबावर हिमोग्लोबिन सांगणारं लहान यंत्र ठेवत होत्या.

गाडी मिळाली नाही. माझ्या स्कूटीवरून आम्ही दोघी निघालो. रस्त्याचं काम चालू होतं, खडी पसरलेली. सिस्टर मागे बसून गुडघा धरून होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला माझा खांदा दाबत होत्या. मला त्या दिवशी अंगात ताप असल्यासारखं वाटत होतं, पण ताप नव्हता. बरेच दिवस नीट झोप झाली नव्हती, त्याचंच ते असणार.

गावात शिरलो तेव्हा निम्मी वस्ती रिकामी होती. दारांना कुलपं, अंगणात चुलीची राख. मुकादमांनी ट्रक आणले होते आणि दोन टोळ्या निघून गेल्या होत्या, एक कोल्हापूरकडे, दुसरी कर्नाटकात. तिसरी त्या दिवशी संध्याकाळी निघणार होती. आम्ही आधी तिकडेच गेलो. देवळापुढच्या मोकळ्या जागेत ट्रक उभा होता. बायका भांडी, गाद्या, लाकडं वर देत होत्या. आम्ही पुन्हा रक्त तपासायचं म्हटल्यावर एक म्हातारी पुढे आली. ती मागे राहून नातवंडं सांभाळणार होती.

“नर्सबाई, त्या दिशी घेतलं की रगात,” ती म्हणाली. “त्ये कुठं टाकलं?”

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मला सोपं सांगता येईना. सर्व्हर, स्कॅन, स्टिकर यातलं काही सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, “टाकलं नाही आजी. तपासलंय. पण नाव एकीकडे राहिलं आणि रक्त एकीकडे. कुणाचं कुठलं ते कळंना झालंय.”

मला वाटलं ती आता बोल लावील. तिने नुसता पदर खोचला आणि आपल्या सुनेला हाक मारून पहिलं तिलाच समोर बसवलं. त्यानंतर बाकीच्याही आल्या. सगळ्या नाही. काहींनी ट्रकवरूनच हात हलवून नको म्हटलं.

सिस्टर आधी प्रत्येकीची खालची पापणी ओढून बघत आणि मग सुई टोचत. मी या वेळी कागदावर नाव लिहून त्याच्यापुढेच आकडा लिहीत होते. आदेश काही असो. आठ, साडेआठ, नऊ. मग सिस्टर ट्रकच्या चाकाला टेकून बसलेल्या एका मुलीकडे गेल्या. मुलगीच ती, विशीचीही नसेल. दोन पातेली वर देऊन ती दम खात बसली होती. सिस्टरांनी तिची पापणी ओढली आणि मला जवळ बोलावलं. आत गुलाबी असं काही नव्हतं. यंत्रावर साडेचार आलं. सिस्टरांनी दुसऱ्या बोटाला टोचून पुन्हा बघितलं. तेवढंच.

तिला पाचवा महिना होता. घरात सांगितलं होतं, शिबिरात सांगितलं नव्हतं. तिचा नवरा ट्रकवरून खाली उतरला. तोही तिच्याएवढाच, कडेवर कोयत्यांचं बांधलेलं गाठोडं. सिस्टरांनी त्याला समजावलं की हिला आजच नगरला न्यायला पाहिजे, रक्त चढवायला पाहिजे, फडात हिने एक मोळी जरी उचलली तरी धोका आहे. त्याने मुकादमाकडे बघितलं. मुकादम मोबाईलवर बोलत पाठमोरा उभा होता.

“मॅडम, आमी जोडीनं जातो,” तो मला म्हणाला. “ती न्हाई आली तर मी एकटा काय करू तिथं?”

त्याला उत्तर सिस्टरांनी दिलं. आवाज न चढवता म्हणाल्या, “आज नेलीस, तर पुढच्या साली जोडीनं जाशील.”

तो तिथंच उकिडवा बसला. मग तो मुकादमाकडे गेला. काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण बरंच झालं, आणि मुकादमाने दोनदा आमच्या दिशेने हात केला. शेवटी त्या पोराने ट्रकवर चढून आपली गादी आणि पत्र्याची पेटी खाली घेतली. मुलगी रडत होती. आपल्यामुळे सगळं अडलं असं तिला वाटत होतं. म्हातारीने तिला चहा करून दिला. रुग्णवाहिका यायला दिवस कलला. तोवर ट्रक निघून गेला.

ती वाचली. पुढं तिला मुलगी झाली, हे सिस्टरांकडून कळलं. नवरा त्या हंगामात गावातच रोजाने जात राहिला.

बाकीच्या राहिल्या. गावात मागे राहिलेल्यांपैकी आणखी एक सापडली, मध्यम वयाची, तिचा आकडा पाचाच्या जरा आत होता. तिलाही पाठवलं. म्हणजे अजून एक-दोघी निघून गेलेल्या टोळ्यांमध्ये होत्या. मी माझ्या तक्त्यातले मोबाईल लावायला घेतले. निम्म्या बायकांपुढे एकच नंबर होता, मुकादमाचा. बाकीचे नवऱ्यांचे. काही बंद, काही उसाच्या फडात, रेंजबाहेर. लागले त्यांना मी तेच तेच सांगत गेले. घरातल्या बाईला दम लागतो का, पाय सुजलेत का, तिथल्या दवाखान्यात नेऊन एकदा रक्त तपासा. बरेच जण हो म्हणाले. एकाने फोन बायकोच्या हातात दिला. मागे ट्रॅक्टरचा आवाज होता. मी माझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मॅडम, दम तर हितं समद्यांलाच लागतो.” आणि मी पुढचं काही बोलायच्या आत लाइन गेली.

अहवाल मी तसाच पाठवला. पुन्हा तपासलेल्यांपुढे आकडे, बाकीच्यांपुढे रिकामी जागा. साहेबांनी काही विचारलं नाही. बैठकीत त्यांना त्यावरून ऐकावं लागलं असणार.

उन्हाळ्यात टोळ्या परत आल्यावर सिस्टर आणि मी पुन्हा त्या वस्तीवर गेलो. कर्नाटकातून आलेल्या बायकांमध्ये एकीचं हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. तिला तिकडे कुणीतरी गोळ्या दिल्या होत्या, तीन-चार महिने तिने घेतल्या होत्या. पाचाच्या आतली ती हीच असेल का, असं मी सिस्टरांना विचारलं. असेलही, त्या म्हणाल्या, आणि तिच्या हातावर गोळ्यांची नवी पाकिटं ठेवली. पण कोल्हापूरकडच्या टोळीतली एक बाई परतलीच नव्हती. ती माहेरी गेलीय, असं तिच्या जावेने सांगितलं. कुठल्या गावाला ते सांगताना ती अडखळली. सिस्टरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा ती घरात गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आम्ही पाणी प्यायलो. ऊन फार होतं. स्कूटीची सीट इतकी तापली होती की सिस्टरांनी तिच्यावर आपली पिशवी ठेवली आणि मग हळूच बसल्या.