हरिभाऊ चुरींचे फ्रेंच घोडे

आगाशीत हरिभाऊ चुरींबद्दल काही विचारलं की लोक आधी इकडेतिकडे बघत आणि मग आवाज खाली करून सांगत. मी व्हिक्टर रुमाव, नंदाखालचा. सत्तेचाळीसच्या जूनमध्ये आगाशीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो, तर पहिल्याच आठवड्यात तिघांनी मला तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला, चुरींच्या बंद खोलीत धातूचे घोडे आहेत आणि त्यांच्या पोटात सोनं आहे. दुसरा म्हणाला, ते घोडे गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांतून चोरलेले आहेत. तिसऱ्याचं म्हणणं, सोनंबिनं काही नाही, माणसाच्याच डोक्यावर परिणाम झालाय. मी स्वभावाने संशयी. तिन्ही खऱ्या असणार असं धरून चाललो.

मग एके दिवशी हरिभाऊच शाळेत आले. पन्नाशीचा वाळकासा माणूस, डोक्याला टोपी, पानवेलींच्या कामाने बोटं हिरवट काळी पडलेली. त्यांनी खिशातून एक कागद काढला. कशावर तरी ठेवून वरून पेन्सिल घासून उठवलेली रोमन अक्षरं त्यावर होती. एवढं वाचून द्या म्हणाले, पण कागद काही माझ्या हातात देईनात. स्वतःच धरून उभे राहिले. नाव फ्रेंच होतं. फ्रेंच लोक पाच अक्षरं लिहितात आणि दोन गिळतात, तेव्हा उच्चाराची हमी मी दिली नाही. दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन ते आमच्या पाद्रींकडे गेल्याचं मला कळलं. पाद्रींनीही तेच वाचलं, तेव्हा कुठे मला त्यांच्या घरी बोलावणं आलं.

सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, ठेवायच्या खोलीला लागूनच ती खोली होती. किल्ली हरिभाऊंच्या करगोट्याला. आत फळीवर चार घोडे होते, पुढे सहा झाले. हातभर लांबीचे, ब्राँझचे, काळसर तपकिरी. कागदावरचं ते फ्रेंच नाव एकाच्या पायाखालच्या बैठकीवर कोरलेलं होतं, घडवणाऱ्याचं. प्रत्येकावर स्वार. एक रेसच्या घोड्यावरचा जॉकी, हातात चाबूक. एक शिकारी. एक डोक्याला पट्टी बांधलेला शिपाई. आणि सगळ्यांत वरच्या फळीवर मनगटावर ससाणा घेतलेला अरब. फ्रान्समध्ये ओतलेले, मुंबईत कुणा साहेबाच्या दिवाणखान्यात राहिलेले आणि साहेबाने बाडबिस्तरा आवरल्यावर लिलावात आलेले. हरिभाऊ पानांच्या करंड्या घेऊन मुंबईला जात, विक्री उरकली की लिलावाच्या दुकानात जाऊन मागच्या रांगेत उभे राहत. जन्मात कधी ते घोड्यावर बसले नव्हते. मग घोडेच का, हे मी विचारलं, तर अरबाच्या घोड्याच्या मांडीवर बोट ठेवून म्हणाले, ही शीर बघा मास्तर, पानाला असते तशी. खरं सांगतो, मला त्या दिवशी शीर दिसली नाही. माझं लक्ष घोड्याच्या पोटाकडे होतं.

त्यांच्या संशयी स्वभावाला कारण होतं. पहिला घोडा त्यांनी आणला तो जस्ताचा निघाला, वरून नुसता रंग दिलेला. तेव्हापासून कनवटीला एक बारीक कानस असे. लिलाववाल्याची नजर चुकवून ते बैठकीच्या खाली एक ओरखडा काढत. पिवळं दिसलं तर ब्राँझ, करडं दिसलं तर घरचा रस्ता. आणलेला प्रत्येक घोडा ते केळी तोलायच्या काट्यावर ठेवत आणि वजन खडूने दाराच्या आतल्या बाजूला लिहीत. दर महिन्याला पुन्हा तोलत. घोडा झिजतो की काय, असं मी एकदा चेष्टेने म्हणालो. घोडा झिजत नाही, माणसं बदलतात, असं ते म्हणाले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

एका माणसावर मात्र त्यांचा विश्वास होता. बाजारातला नथू तांबट. नथू भांडी ठोकायचा, कल्हई करायचा आणि बापाकडून आलेलं ओतकामही करायचा. देवळाची घंटा, समया असलं काही. नवा घोडा आला की हरिभाऊ तो गोणपाटात गुंडाळून आधी नथूकडे नेत. नथू त्याच्यावरून अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, मान वेगळी ओतून जोडलीय, हा सांधा बघा, आणि ही आयाळ ओतल्यावर छिन्नीने काढलीय. दोघे तासन्‌तास बसत. नथूची हजामत, जेवण, गिऱ्हाईक सगळं राहून जाई. हरिभाऊंची बायको अनसूयाबाई नथूला भाऊ मानत. त्यांना सख्खा भाऊ नव्हता. दर भाऊबिजेला त्या नथूला ओवाळत.

गावाला हे दोघे काहीतरी शिजवताहेत याची खात्रीच होती. दारूबंदी आली तेव्हा कुणीतरी वसईला कळवलं की चुरींच्या घोड्यांच्या पोटात अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उतरलेला माल असतो. फौजदार आले. सहाही घोड्यांची पोटं टिचक्या मारून बघितली, एकाला उलटं धरून हलवलं आणि सुकेळी खाऊन गेले. कळवणारा मी नव्हतो. पण मी असेन असा हरिभाऊंचा बरेच दिवस समज होता.

बावन्न सालच्या दसऱ्याआधी जॉकीच्या हातातला चाबूक सैल झाला. हरिभाऊंनी तो घोडा डाग देऊन जोडायला नथूकडे ठेवला आणि तीन दिवसांसाठी मुंबईला गेले. दसऱ्याच्या संध्याकाळी परत आले, तर ओटीवर आयुधांच्या शेजारी, कोयते आणि कुदळी यांच्या रांगेत, झेंडूची माळ घालून एक घोडा उभा होता. लख्ख पिवळा. नव्या पितळी समईसारखा.

अनसूयाबाईंनी लगेच सांगितलं. नथूभाऊ काल घोडा देऊन गेला, खोलीची किल्ली तुमच्याकडे, म्हणून ओटीवरच ठेवला. दसऱ्याला घोडा पुजतात. काळाकुट्ट घोडा कसा पुजायचा? म्हणून देवाच्या भांड्यांबरोबर दिवसभर चिंचेच्या कोळात बुडवला आणि मीठ आणि विटेची पूड लावून घासला. त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटलंच नाही. उलट, किती मळ निघाला ते त्या कौतुकाने सांगत होत्या.

हरिभाऊंचा विश्वास बसला नाही. हा आपला घोडाच नाही, असं ते म्हणाले. नथूने ठसा घेऊन पितळेचा दुसरा ओतला, अस्सल ठेवून घेतला आणि ही भावाला पाठीशी घालतेय. काट्यावर ठेवला, तर वजन दारावर लिहिलेल्या आकड्याइतकंच. नथू काय वजन चुकवणार आहे, असं त्यांचं उत्तर. बैठकीवरचं नाव तसंच होतं. ठशात नावही उठतं, म्हणाले. खालचा जुना ओरखडा मी त्यांना दाखवला. तोही उठतो, म्हणाले. आणि मला, खोटं कशाला बोलू, त्यांचं पटलं. मी तर म्हणालो, आपण नथूच्या दुकानात जाऊन बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. हरिभाऊ सरळ आत शिरले. भट्टीतली राख उकरली, पेट्या उपसल्या, नथूच्या बायकोच्या लुगड्यांचं बोचकं सोडलं. नथू नुसता उभा होता. मग ऐरणीमागच्या फळीवर मला एक चिकणमातीचा गोळा दिसला. त्यात घोड्याच्या तोंडाचा ठसा होता. नाकपुडी, लगाम, सगळं स्वच्छ.

"तोंड कसं केलंय ते शिकायचं होतं," नथू म्हणाला. "तुमाला विचारनारच होतो."

हरिभाऊ तिथून सरळ घरी गेले. बोललो मी. शाळेत शिक्षकांच्या खोलीत बोललो, आणि रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारातही बोललो. मातीचा ठसा मी स्वतः पाहिला होता, तेव्हा माझ्या शब्दाला वजन आलं होतं आणि ते मला आवडत होतं. माझी बायको लुसी दुसऱ्याच दिवशी कल्हईला दिलेला आमचा हंडा परत घेऊन आली. हंडा आमचाच होता, पण पुढचे दोन दिवस आम्ही तो उलटासुलटा करून बघत होतो.

दसरा ते दिवाळी हेच तांबटाचे कमाईचे दिवस. घरोघरची भांडी तेव्हाच बाहेर निघतात. त्या वर्षी नथूच्या पायरीवर एक वाटीसुद्धा आली नाही. बायका भांडी डोक्यावर घेऊन विरारपर्यंत जात होत्या, पण नथूकडे नाही. कारण जो घोडा बदलतो तो तांबं बदलणार नाही कशावरून? भट्टी गार पडली. नथूने कामणला सासऱ्याकडे निरोप धाडला की दिवाळी झाली की बिऱ्हाड घेऊन येतो.

हे कळलं तेव्हा अनसूयाबाईंनी मला बोलावून घेतलं. नवऱ्याला म्हणाल्या ते माझ्यासमोर म्हणाल्या.

"माझा शब्द खोटा ना? मग दुसरा घोडा द्या. मास्तरांदेखत घासते. काळा राहिला तर मी खोटी, नथूभाऊ चोर. पिवळा झाला तर काय ते तुम्ही बोला."

हरिभाऊंनी किल्ली मुठीत धरली आणि मानेनेच नाही म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत होतो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडाकडे संशयाने बघितल्याचा एवढा एक फायदा मला झाला. बायको खोटी आहे असं त्यांना वाटत असतं तर त्यांनी घोडा दिला असता. ते देत नव्हते, कारण ती खरी आहे हे त्यांना कळलं होतं. केव्हा, ते देव जाणे. कदाचित काट्यावर ठेवला तेव्हाच. घासून बघितलं तर घडवणाऱ्याने मुद्दाम चढवलेला काळसर रंग कायमचा उतरून आणखी एक घोडा जाणार होता, आणि नथू चोर नाही हेही उघडं पडणार होतं. मला त्यांचा राग आला. मग आठवलं की मातीचा गोळा मी शोधला होता, आणि गावभर मीच बोललो होतो. मी खाली मान घालून घरी आलो.

वसुबारसेच्या सकाळी बाजार भरलेला होता. हरिभाऊ डोक्यावर गोणपाटाचं गाठोडं आणि हातात बादली घेऊन आले आणि नथूच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसले. गाठोड्यातून त्यांनी ससाणेवाला अरब काढला. लोक जमले. तो घोडा गावाने कधी उजेडात पाहिला नव्हता. हरिभाऊंनी बादलीतला चिंचेचा कोळ घेतला, मीठ घेतलं, विटेची पूड घेतली आणि घोड्याच्या पुठ्ठ्यापासून घासायला सुरुवात केली.  पहिला तासभर काहीच झालं नाही, आणि मागून कुणीतरी हसलंही. मग मांडीवरचा रंग फाटला. खालून पिवळं आलं. काळं पाणी पायरीवरून रस्त्यात वाहायला लागलं. ज्या शिरेवर बोट ठेवून त्यांनी मला पान दाखवलं होतं, ती शीर ते स्वतः घासत होते. त्या दिवशी मात्र ती मला लांबूनही दिसली. उन्हं डोक्यावर आली तोवर घोडा मानेपर्यंत पिवळा झाला होता आणि हरिभाऊंच्या बोटांची सालं गेली होती.

दार उघडून नथू बाहेर आला. त्याने खाली वाकून हरिभाऊंचा हात धरला.

"पुरे आता," म्हणाला. "स्वाराला नका लावू."

हरिभाऊ उभे राहिले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "नथूने काही केलेलं नाही. मी खोटं बोललो." मग माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन, मीही, एवढंच म्हणालो.  लोकांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. त्यांच्यातल्या दोघातिघांना तेव्हाही संशय होताच की हा घोडा मुळातच पितळेचा असेल.

नथूने हरिभाऊंचा हात सोडला. "घोडा पिवला झाला तो समद्यांनी पायला," तो हळू आवाजात म्हणाला. "पन माझ्या बायकोचं बोचकं तुमी सोडलंत, हरिभाऊ. ते आता कसं बांधू?"

दुपारनंतर पायरीवर भांडी यायला लागली. लुसी हंडा घेऊन गेली. तिच्याबरोबर जायची माझी हिंमत झाली नाही. नथू कामणला गेला नाही. भाऊबिजेला तो अनसूयाबाईंकडून ओवाळून घ्यायलाही आला, पण पाट अंगणात मांडायला लावला. ओटी चढला नाही. पुढेही कधी चढला नाही. रस्त्यात भेटले तर दोघे पानांचा भाव, पाऊसपाणी बोलत. घोड्यांबद्दल एक शब्द नाही.

हरिभाऊ त्यानंतर सहा वर्षं जगले. मुंबईला जाऊन येत, लिलावाच्या दुकानातही जात. एकदा मी त्यांच्याबरोबर होतो. एका मेजावर घोडा मांडला होता, पुढचे दोन्ही पाय उचललेला, पाठीवर बाई. माझ्या अडाणी डोळ्यांनाही कळत होतं की असा घोडा हरिभाऊंच्या फळीवर नव्हता. त्यांनी त्याच्या मानेवरून अंगठा फिरवला, सांध्यापाशी थांबवला. लिलाव पुकारला गेला. त्यांनी बोली लावली नाही आणि घोडा दुसऱ्याने नेला. बाहेर आल्यावर, का घेतला नाहीत, असं मी विचारलं.

"आनून दाखवू कोनाला, मास्तर?" ते म्हणाले.