मराठीचा खण

गेल्या शनिवारची सकाळ, दंड तेहेतीस रुपये. हजर दोघेच: मी आणि चिक्कडपल्लीत येणाऱ्या फिरत्या वाचनालयाच्या गाडीचा चालक. पुस्तकं देणाराही तोच. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याला मराठी वाचता येत नाही, तरी मराठीचा खण तो दर फेरीला बाहीने पुसतो. त्या खणाचा वाचक आता मी एकटाच.

"ही तीन पुस्तकं मी नेलीच नव्हती," वहीत माझ्या नावापुढच्या दंडावर बोट ठेवून मी म्हणालो.

"मालूम है साब. छे महिने कोई नै ले गया तो मराठी का खाना उतार देते. मैंच आपके नाम पे लिखा, वापसी लिखना भूल गया. आप हिसाबच पढ़ते, किताबां कब पढ़ते?"

मी तीच तीन पुस्तकं काखेत घेतली आणि तेहेतीस रुपये त्याच्या हातावर मोजले. पावती मात्र मागून घेतली.